मशीन लावतोय गं!

रंधा मशीन टेम्पोतून उतरवून मागच्या शेडमध्ये ठेवली, तेव्हा सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "केवढं हे धूड! आणि काम काय, तर फळी गुळगुळीत करायची. तुझे बाबा हातानं करायचे रे."

"बाबांचे खांदे राहिले का शेवटी?" आमचे हे म्हणाले.

"ते मात्र खरं." त्यांनी मशीनच्या पत्र्यावरून हात फिरवला, बोटाला लागलेली धूळ बघितली आणि फडकं आणायला आत गेल्या.

आमचे हे सुतार. सासरेही सुतारच होते, पण ते घरी काम करायचे आणि ह्यांनी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्याच्या वखारीत घातली. तिथं मोठमोठ्या मशिनी, दिवसभर घरघर. एक कान त्यात गेला. ते एक वेळ परवडलं असतं, पण माणूस घरी आला की बोलायचाच नाही. ताट वाढलं की खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही, आणि मला तर भांडायलाही कोणी मिळायचं नाही. वखारवाले त्यांना नावानंसुद्धा हाक मारत नसत. "ए सुतार" म्हणायचे, आणि तेही चुटकी वाजवून.

मग गावच्या शाळेला नव्या खोल्या झाल्या. भिंती झाल्या, छप्पर झालं, खिडक्यांच्या जागी मात्र भोकं. शाळेच्या मोठ्या बाई आमच्या दारात आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "लाकूड आम्ही देतो, तुम्ही खिडक्या करून द्या. पण कडाक्याची थंडी पडायच्या आत द्या हो. आत्ताच पोरं कानाला रुमाल बांधून बसतात." त्या रात्री हे जेवताना बोलले. वखार सोडतो म्हणाले. मी म्हटलं सोडा. सासूबाई म्हणाल्या, एवढी वर्षं काय झोपला होतास का?

वखारवाल्यांनी हसून निरोप दिला. "घरच्या मीटरवर कारखाने चालत नसतात, सुतार. बंद पडली की ये. जागा ठेवतो. फक्त मग त्या धाकट्याच्या हाताखाली काम करावं लागेल." तो धाकटा म्हणजे ज्याला ह्यांनीच करवत धरायला शिकवलं होतं.

तेव्हा सांगायचं ते एवढंच, की त्या खिडक्या वेळेवर झाल्या तर आमचे हे घरचे मालक, आणि नाही झाल्या तर परत "ए सुतार".

शेडमधली लाईन घरातूनच नेलेली. स्वतंत्र लाईनीसाठी अर्ज दिला होता. ऑफिसातला माणूस म्हणाला, सामान आलं की बघू. त्यामुळे घर आणि मशीन दोन्ही ओट्याजवळच्या एकाच खटक्यावर, भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या. हे मला आधीच म्हणाले होते, मशीन लावताना बाकी काही चालू ठेवायचं नाही. म्हणून आम्ही पद्धत पाडली. मशीन लावायच्या आधी हे शेडच्या दारातून घरभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "मशीन लावतोय गं!" की मी फ्रीज बंद, टीव्ही बंद, इस्त्री बंद, दिवेसुद्धा बंद करून मागं पळायची. मागं मला काम होतं. फळी मशीनच्या पलीकडून बाहेर येताना तिचं शेपूट धरावं लागतं, नाहीतर ती खाली लोंबते आणि टोकाला खड्डा पडतो.

पहिल्या दिवशी मशीन लावली. ढलप्या अशा उडाल्या की आम्ही दोघंही पांढरे झालो. एक फळी झाली. हे माझ्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांत मी ते हसू विसरलेच होते. दुसरी फळी आत घातली, ती निम्मी गेली आणि खाट्! सगळं थंड.

"खटका पडला," हे म्हणाले.

मशीन फळीवरच थांबली की फळीला आडवा खळगा पडतो. तो जाईस्तोवर फळी तासायची म्हटलं तर ती पातळ होते आणि चौकटीला चालत नाही. ती फळी गेली वाया. आणि लाकूड शाळेचं.

घरात येऊन बघितलं, तर सगळं बंदच होतं. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या.

"आई, काही लावलं होतं का तुम्ही?"

"नाही गं बाई. काही नाही चालू." त्यांनी चहूकडे बघून सांगितलं. "लाईट गेली वाटतं."

त्या आठवड्यात असं कितीदा झालं! खटका उचलायचा, ओरडायचं, लावायची, आणि दुसरी-तिसरी फळी निम्मी गेली की खाट्. कधी कधी हे इतके चिडायचे की खटका उचलला की तरातरा जाऊन न सांगताच बटण दाबायचे, आणि तेव्हा मात्र मशीन बिनबोभाट चालायची. मग आम्हाला वाटायचं झालं दुरुस्त. हे परत माणसात यायचे, परत मायेनं ओरडायचे, "मशीन लावतोय गं!" आणि परत खाट्.

"तिला तुमचा राग चालतो," मी म्हटलं. "लाडानं बोललात की बिघडते. अगदी माझ्या उलट आहे."

"तुझं तोंड बंद व्हायला कुठं खटका असतो का बघतो," हे म्हणाले.

वायरमनला बोलावलं. त्याला सगळा गाव झटका म्हणतो, कारण तो दर वाक्यानंतर मान झटकतो. झटका आला, पेटी उघडली, चहा मागितला आणि म्हणाला, "मोटर सुरू होताना दम जास्त खाते. म्हणून पडतो."

"सुरू होताना पडत नाही ना पण," मी म्हटलं. "मधेच पडतो."

"मग वायर बारीक आहे. तापते." त्यानं शेडपर्यंत जाड वायर टाकली. मग तो खटक्याशी उभा राहिला, ह्यांना म्हणाला, "लावा," आणि मशीन लावली. एक फळी, दुसरी, तिसरी. ढिम्म काही झालं नाही. झटक्यानं चहा संपवला, मान झटकली आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओरडले, मी पळाले, दुसऱ्या फळीला खाट्.

झटका परत आला. बटणात भुसा गेलाय म्हणाला, फुंकून काढला. मशीन चालली. तो गेला, पडली. परत आला. खटकाच जुना झालाय म्हणाला, नवीन बसवला. चालली. गेला, पडली. शेवटी तोच वैतागला. "वहिनी, मीच इथं राहायला येतो. मी असलो की ही शहाण्या बाळासारखी वागते."

"या की," सासूबाई म्हणाल्या. "एक ताट जास्त."

शेडच्या कोपऱ्यात वाया गेलेल्या फळ्यांचा ढीग वाढत होता. हे तिकडे पाठ करून बसायचे. थंडीही वाढत होती. मोठ्या बाई एकदा येऊन गेल्या. ढीग बघितला, आणि जाताना म्हणाल्या, "पोती लावलीत सध्या. पण मग आत अंधार होतो. फळा दिसत नाही." ह्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली ती दिवसभर उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत दोनदा खटका पडला. नंतर मी स्वयंपाक करत होते आणि हे ओट्याजवळच्या पेटीत डोकं घालून काहीतरी खुडबुड करत होते. बघते तर हातात तांब्याची जाड तार.

"काय करताय?"

"काही नाही. ह्या खटक्याला फाटाच मारतो. वखारीत एकदा केलं होतं. मग पडायचा प्रश्नच नाही."

मी हातातलं पीठ लागलेलं उलथनं घेऊनच पुढं गेले. "झटक्यानं काय सांगितलंय? तो खटका पडतो म्हणून घर जळत नाही. आत आई झोपतात, माहितीय ना?"

"मग काय करू?" हे ओरडले. "सांग ना! जाऊ त्या धाकट्यापुढं हात जोडून उभा राहायला?"

मी तार काढून घेतली आणि पिठाच्या डब्यामागं टाकली. ते शेडमध्ये गेले. मी पोळी करपवली आणि ती मीच खाल्ली. मला ह्यांची कणव येत होती आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आले की मला रडू फुटतं. म्हणून मी तोंड धुवायला न्हाणीत गेले.

न्हाणी घराला लागूनच आहे, मागच्या अंगाला. नळ सोडला. बोटं काकडून गेली होती, म्हणून आधी हातावर पाणी घेतलं, आणि तशीच थांबले. पाणी कोमट होतं.

आमच्या सगळ्यांच्या आंघोळी पहाटेच उरकतात. त्यानंतर न्हाणीतला गिझर कोणी लावत नाही. तो मागच्या थंडीत ह्यांनी सासूबाईंसाठी बसवला होता, त्यांना चुलीचा धूर सोसत नाही म्हणून. सकाळचं पाणी दुपारपर्यंत पार गार होतं. मी गिझरचं बटण बघितलं. बंद होतं. टाकीला हात लावला. ऊबदार होती.

मी तोंड न धुताच शेडमध्ये गेले. "मशीन लावा," म्हटलं.

"तू धरणार शेपूट?"

"नाही. माझी पाठ भरलीय. पलीकडं स्टूल लावून घ्या. पण नेहमीसारखं ओरडा हं. अगदी नेहमीसारखं."

त्यांनी माझ्याकडं वेड्यासारखं बघितलं, पण ऐकलं. मी घरात येऊन स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. तिथून खाटही दिसते आणि न्हाणीही. मागून हाक आली, "मशीन लावतोय गं!"

सासूबाई खाटेवर आडव्या होत्या. त्या हाकेसरशी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, "आले हं, आले," असं स्वतःशीच म्हणत उभ्या राहिल्या. भिंतीला धरून धरून न्हाणीपर्यंत गेल्या आणि गिझरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मग ह्यांचा टॉवेल झटकून खुंटीला लावला, साबण भांड्यात ठेवला, बसायचा पाट पुसून मांडला आणि उंबऱ्यावर टेकल्या. पलीकडं मशीन घरघरत होती आणि ह्या तिच्या तालावर मान डोलवत होत्या. मी इतके दिवस तिकडं शेपूट धरून उभी असायची, मग मला हे कुठून दिसणार?

दुसरी फळी निम्मी गेली असेल. खाट्.

"गेली मेली," सासूबाई म्हणाल्या. चाचपडत उठल्या, गिझरचं बटण बंद केलं आणि भिंतीला धरून पुन्हा खाटेकडं निघाल्या. ते बटण बंद करायला त्यांना झटक्यानंच शिकवलं होतं, गिझर बसवला तेव्हा. लाईट गेली की आधी हे बंद करायचं आजी, नाहीतर आल्यावर जळतो. त्या विसरल्या नव्हत्या.

मी काय करायला हवं होतं ते मला आता कळतं. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांपुढं फक्त तो फळ्यांचा ढीग होता. मी दाराआडून बाहेर आले आणि मोठ्यानं ओरडले, "अहो! सापडलं! आई आहेत! आई गिझर लावतात!"

हे धावत आले. अंगभर भुसा, भुवयासुद्धा पांढऱ्या. सासूबाई भिंतीला धरून मधेच थांबल्या होत्या.

"मी?" त्या म्हणाल्या.

"तुम्हीच! मशीन आणि गिझर दोन्ही मिळून खटक्याला पेलवत नाही. एवढ्या फळ्या गेल्या आई, एवढे दिवस गेले..."

"मला वाटलं, कंपनीची लाईट जाते." त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. "तुझ्या बाबांना अंगातला भुसा गार पाण्यानं निघायचा नाही रे. मग ते कामाला बसले की मी पाणी ठेवायची. उठेस्तोवर तापायचं. तू आता घरी काम करायला लागलास, तर मला वाटलं..." त्यांनी न्हाणीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. आता नाही हात लावायची."

त्यांनी न्हाणीत जाऊन टॉवेल काढला, घडी केली आणि कपाटात ठेवून दिला. मला वाटलं, आपली जीभ का झडली नाही.

"आई, अगं तसं नाही," हे म्हणाले.

"जा. काम कर जा. शाळेतली लेकरं गारठतायत."

त्यानंतर खटका एकदाही पडला नाही. फळ्या एकामागून एक निघाल्या, चौकटी झाल्या, पल्ले झाले. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खिडक्यांची रांग रोज वाढायला लागली. आणि घर मात्र ओस पडलं. हाक आली की सासूबाई सवयीनं उठून बसायच्या, मग आठवायचं, आणि पुन्हा आडव्या व्हायच्या, भिंतीकडं तोंड करून. बोलणं तुटक. "एक ताट जास्त" म्हणणारी बाई स्वतःच अर्धी पोळी टाकून उठायला लागली. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी गिझरला हात लावायचा नाही म्हणजे नाहीच असं धरलं. पहाटे स्वतःही गार पाण्यानं आंघोळ. मी लावून दिला, तर म्हणाल्या, "नको बाई, परत काही बिघडायचं." खोकायला लागल्या.

हे काम संपवून गार पाणी अंगावर घ्यायचे आणि आईला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणायचे, "वा! मस्त!" दात वाजत असायचे. ते कोणाला फसवत होते देव जाणे.

"तुम्ही सांगा ना त्यांना काहीतरी," मी म्हटलं.

"काय सांगू? सांगून झालं तीनदा. बटण लावायचं नाही असं आपण कुठं म्हणतोय, म्हटलं. तर म्हणते, नको, तुझं काम महत्त्वाचं." त्यांनी केसांतला भुसा झटकला. "ती काही पाण्यासाठी रुसली नाहीये गं. तिला वाटतंय, तिचं ह्या घरात काम काय."

एका सकाळी शेवटच्या दोन खिडक्या राहिल्या होत्या. मी शेपूट धरून उभी होते. फळी बाहेर आली. दुसरी घालायच्या आधी ह्यांनी मशीन बंद केली.

"पडला?" मी म्हटलं.

"नाही." ते हात न झटकता, अंग न पुसता, तसेच भुशानं माखलेले घरात गेले आणि सासूबाईंच्या खाटेवर बसले. धुतलेल्या चादरीवर!

"अरे, अरे!" सासूबाई उठून बसल्या. "कुठं बसतोस? ऊठ! सगळा भुसा केलास!"

"अंगात टोचतंय. आंघोळ करायचीय."

"मग कर की. गार पाणी आवडतं ना तुला? वा, मस्त, म्हणतोस."

"खोटं म्हणतो. मरतो थंडीनं."

"मग मी काय करू?"

"पाणी लाव."

"मशीन?"

"बंद केली. तुझं पाणी तापेपर्यंत मशीन बंद. रोज. आधी तू की आधी मी, असं नाही, आळीपाळीनं. मी मालक आहे ना आता? माझ्या मशीननं कधी थांबायचं ते मी ठरवणार."

"आणि काम? खोळंबेल की."

"खोळंबू दे. मी असाच जेवायला बसतो, मग चालेल?"

ते मात्र त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. त्या उठल्या. पुटपुटत, भिंतीला धरून, न्हाणीत गेल्या. बटणावर बोट ठेवलं आणि मागं वळून बघितलं. ह्यांनी मान डोलवली. लाल दिवा लागला, आणि तो लागलेलाच राहिला. मग त्यांनी कपाटातून टॉवेल काढायला मला सांगितलं. "आणि तो जाडा आण. पातळ नको."

आई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर आणि लेक तिच्या पायांशी खालच्या पायरीवर, असे दोघं बसले. त्या फडक्यानं ह्यांच्या कानातला भुसा काढत होत्या. त्या गेलेल्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलत होत्या, आणि ह्यांना ते ऐकू येत नव्हतं, तरी हे हं हं करत होते. मला तिथं उभं राहवेना. मी चहा ठेवते असं म्हणून आत वळले.

तेवढ्यात पुढच्या दारात मोटारसायकल थांबली. वखारवाले. झटक्यानं गावभर सांगितलं असणार, सुताराचा खटका रोज पडतोय म्हणून. ते दारातूनच कानोसा घेत आत आले, थेट मागच्या अंगणापर्यंत. शेड शांत. मशीन बंद. भर सकाळी सुतार पायरीवर बसलेला.

"पडली ना बंद?" वखारवाले म्हणाले. चुटकी वाजवायला त्यांनी हात वर केला होता. "म्हटलं होतं मी. चल, जास्त ताणू नकोस. उद्यापासून ये."

हे उठले नाहीत. आईच्या हातात कान होता, तो सोडवला नाही.

"बंद पडली नाही, बंद ठेवलीय," हे म्हणाले. "आईचं पाणी तापतंय."

वखारवाल्यांना काही कळलं नाही. त्यांनी शेडकडं बघितलं. दारातून भिंतीला टेकवलेल्या खिडक्या दिसत होत्या, एकीला एक लावून ठेवलेल्या. त्यांनी त्या मोजल्या असाव्यात. हात हळूच खाली आला.

"पाणी," ते म्हणाले, "त्यासाठी मशीन बंद? माझ्या वखारीत..."

"तुमच्या वखारीत नसतं जमलं," हे म्हणाले. "म्हणून तर."

न्हाणीतनं सासूबाईंनी हाक दिली. वखारवाले बोलत होते तेवढ्यात त्या ह्यांचा कान सोडून आत गेल्या होत्या. "तापलं रे! ये लवकर, गार व्हायच्या आत!"

हे उठले, वखारवाल्यांना "बसा" म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीत गेले. मी वखारवाल्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, चहात साखर किती.